वेशीबाहेरच्या कांद्याचे फूल

अजिंठ्याच्या लेण्यांत कमळाचे वैभव ठायीठायी दिसते. छतांवर ते फुलले आहे, आणि पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातीही तेच आहे. परंतु ज्या भिक्षूंसाठी ही लेणी कोरली, त्यांच्या आचारात एका कंदास मज्जाव होता. चुल्लवग्गातील कथा अशी की, लसूण खाल्लेला एक भिक्षू इतरांस वासाचा त्रास नको म्हणून धर्मश्रवणाच्या वेळी दूर बसला. जे खाल्ल्याने धर्मश्रवणास मुकावे लागते ते खावेच कशाला, असे म्हणून बुद्धांनी लसूण वर्ज्य ठरविली. पुढे सारिपुत्तास पोटाची व्यथा जडली, तेव्हा औषधापुरती तिची मुभाही दिली.

म्हणजे हा नियम सहवासाच्या सोयीचा होता, विटाळाचा नव्हे. समाजाने मात्र कांदा-लसणीस निराळ्याच कामी लाविले. मनुस्मृतीने ती द्विजांस निषिद्ध ठरविली. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान लिहितो की, मध्यदेशात चांडाळांवाचून ती कोणी खात नाही, आणि चांडाळ वस्तीबाहेर राहतात. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने डोंगरातील एका विहाराचे जे वर्णन केले, ते विद्वान अजिंठ्याचेच मानितात. तोच प्रवासी सांगतो की, कांदा-लसूण खाणारास गावाबाहेर घालवीत. ताटातील पदार्थावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत आम्हांस लेण्यांच्या अंधाराहूनही गडद वाटते.

आज याच जिल्ह्यात कांदा रोखीचे पीक आहे. तरी त्याच्या फुलाचे कौतुक कोणास नाही. कांद्यास अकाली दांडा आला की शेतकरी त्यास डेंगळा म्हणतो व हळहळतो. कारण कंद पोसत नाही. युरोपातील बागांत मात्र मध्य आशियातील जांभळ्या गोंड्यांच्या कांद्यांस मानाचा वाफा मिळतो. त्यांस कडक थंडी लागते, म्हणून आपल्याकडे त्यांचा हव्यास नको. कोंब फुटलेला घरचाच जुना कांदा कार्तिकात निचऱ्याच्या मातीत लावावा, पाणी बेताने घालावे. माघ-फाल्गुनाच्या सुमारास पोकळ दांड्यावर चांदण्यांसारख्या बारीक शुभ्र फुलांचा चेंडू उमलतो आणि त्यावर मधमाश्या जमतात.

ज्या कंदाच्या निमित्ताने माणसे वेशीबाहेर राहिली, त्यास तुळशीवृंदावनाशेजारी एक कुंडी देण्यास कोणत्याही सुशिक्षित घराने संकोच करू नये, असे आम्हांस वाटते.