२२ सप्टेंबर १९६० : ‘होप’ जहाजाचे प्रस्थान

‘एसएस होप’ हे तरंगते रुग्णालय सॅन फ्रान्सिस्कोहून इंडोनेशियाकडे निघाले. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना दक्षिण प्रशांत बेटांवरील रोगराई पाहिलेले डॉ. विल्यम वॉल्श यांची ही कल्पना. अमेरिकी नौदलाचे जुने रुग्णालयजहाज ‘कॉन्सोलेशन’ यासाठी पांढरे रंगवण्यात आले. डॉक्टर पाळीपाळीने, विनामानधन येत आणि रुग्णांवर मोफत उपचार करत. शिवाय स्थानिक डॉक्टर-परिचारिकांना शिकवत, आणि खरे मोल या शिकवण्याचेच. मुलांना आकर्षण मात्र ‘लोखंडी गाई’चे : शुद्ध केलेल्या समुद्राच्या पाण्यात दूधभुकटी व स्निग्धांश मिसळून दूध करणारे यंत्र! पेरू, गिनी, श्रीलंका, ब्राझील अशा ११ सफरींनंतर १९७४मध्ये जहाज निवृत्त झाले; ते चालवणाऱ्या संस्थेचे काम जमिनीवरून सुरू राहिले.