धूर कुठे जातो?

लोकरीच्या कपड्यांत आपण ज्या पांढऱ्या गोळ्या टाकतो, त्यांना डांबरगोळ्या म्हणतात. काळं चिकट डांबर कुठे आणि या शुभ्र गोळ्या कुठे! पण नाव चुकलेलं नाही. दगडी कोळसा हवा लागू न देता तापवला की डांबर निघतं, आणि या गोळ्यांतलं नॅफ्थॅलीन पहिल्यांदा हाती लागलं ते १८२०च्या सुमारास, त्याच डांबरातून. रस्त्यावरचं आजचं डांबर मात्र पेट्रोलियमच्या गाळातलं. म्हणजे रस्त्याचं नाव उसनं आणि गोळीचं अस्सल.

हवेवाचून तापवून पदार्थ मोडण्याच्या या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात. प्लास्टिकचा कचरा, पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट यांतून इंधन आणि रसायनं काढण्याच्या संदर्भात हा शब्द आता वर्तमानपत्रांतही दिसतो. ग्रीक ‘प्यूर’ म्हणजे अग्नी, ‘ल्यूसिस’ म्हणजे सोडवणं, सैल करणं. संस्कृतातला ‘लू’, म्हणजे कापणं, हा धातू ‘ल्यूसिस’चा दूरचा सोयरा, ‘लवभर’ म्हणताना आपण त्यातलाच ‘लव’, कापून निघालेला कण, उच्चारत असतो.

शब्द देखणा आहे, पण अर्धवट. नावात अग्नी असला तरी भांड्याच्या आत आग लागू द्यायची नाही, हीच तर या क्रियेची अट. आत हवा शिरली की माल पेटला, आणि पेटला की राख. ‘औष्णिक अपघटन’ हा आपला पारिभाषिक शब्दही उष्णता सांगतो, मोडतोड सांगतो. हवेला दार बंद आहे, हे सांगत नाही.

ते दार कसं बंद करायचं, हे लोणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ‘लोणारी’ हा शब्द लवणाचा, मिठाचा. पण धंदा चुन्याकडे आणि कोळशाकडे वळला आणि लाकडाच्या कोळशाला ‘लोणारी कोळसा’ हे नाव पडलं. लाकडं रचायची, पाल्याने आणि मातीने लिंपायची, पेटवायची आणि मोजकीच भोकं उघडी ठेवायची. आधी दाट पांढरी वाफ निघते. धूर विरळ, निळसर झाला की भोकं बुजवायची. भट्टीच्या पोटात काय चाललंय ते धुरावरून ओळखायचं. आपल्या बोलीनेही हा भेद नेमका टिपला आहे. हवा मिळाली तर ‘राख झाली’, कोंडलं तर ‘कोळसा झाला’. आज ‘बायोचार’ म्हणून शेतात घालायला सांगतात, तो या लोणारी कोळशाचाच भाऊबंद.

लोणारी धूर पाहून सोडून देत असे. रसायनशास्त्राने तो थंड करून बाटलीत भरला. लाकडाच्या त्या धुरात सापडलेल्या स्पिरिटावरून द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३४ मध्ये नाव घडवलं. ग्रीक ‘मेथू’ म्हणजे मद्य, ‘हूले’ म्हणजे लाकूड. त्यातून ‘मिथिल’ आणि पुढे मिथेनॉल. हे ‘मेथू’ आणि आपलं ‘मधु’ एकाच मुळाचे, तेव्हा मिथेनॉलच्या विषारी बाटलीवरही नाव मधाच्या कुळातलंच.

तेलाची गंमत आणखी वेगळी. तेल म्हणजे मुळात तिळाचं ते तैल. मग करडईचं आलं, खोबऱ्याचं आलं, जमिनीखालचं आलं आणि आता पाचटाचं. पाचट ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास झटक्यात तापवून वाफ लगेच निववली की जे हाती येतं, त्याला ‘जैवतेल’ म्हणतात. त्यात साधारण पाव हिस्सा पाणी, चव लावलीच तर आंबट, आणि डिझेलमध्ये ते मिसळायला तयार नाही. उष्णताही डिझेलच्या निम्म्याहून कमी. तेल हे नाव त्याला जरा भारीच पडतं. पॉलिथिनच्या पिशव्यांतून निघणारं तेल मात्र हायड्रोकार्बनांचं, खनिज तेलाच्याच जातीचं. पिशवी जन्मली त्याच घरी परत जाते. पीव्हीसी त्यात मिसळलं तर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटून यंत्राचं लोखंड खातं, म्हणून आधी निवडणं आलंच.

या सगळ्याला नेमका शब्द मला सापडला तो आयुर्वेदात. त्रिफळा मषीसारखी काळी औषधं करताना द्रव्य भांड्यात घालतात, तोंड मातकापडाने बंद करतात आणि बाहेरून आच देतात. या रीतीला ‘अंतर्धूम’ म्हणतात. धूर आत. ना अग्नीचा उल्लेख, ना मोडण्याचा; जिथे चूक होऊ शकते, तिथेच शब्दाने बोट ठेवलं आहे. याच्या जोडीला ‘बहिर्धूम’ आहे, धूर बाहेर.

आज आपण दोन्हींना ‘जाळणं’ म्हणतो. कोपऱ्यावर पिशव्यांचा ढीग पेटवणं हेही जाळणं आणि बंद भट्टीत त्यांचं तेल करणं हेही. म्हणून गावाजवळ असा कारखाना यायचा म्हटलं की लोक बिचकतात, आणि त्यात काही गैर नाही. त्यांनी फलकावरचं नाव वाचू नये, धुराड्याकडे पाहावं. तिथून काळा लोट निघत असेल, तर फलकावर पायरोलिसिस लिहिलेलं असो की आणखी काही, ते बहिर्धूमच.