उंचावर गेल्यावर चरबी खरंच जळते का?

"डॉक्टर, लडाखला जाऊन आलो आणि वजन दोन किलो उतरलं. उंचावर चरबी जळते म्हणतात, खरं का?" सहलींचा हंगाम संपला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तरासाठी थोडं इतिहासात डोकावू या.

१९६०-६१ साली एडमंड हिलरी यांच्या मोहिमेत डॉ. ग्रिफिथ प्यू आणि त्यांचे सहकारी हिमालयात सुमारे ५,८०० मीटर उंचीवर हिवाळाभर राहिले. तिथे त्यांचं वजन घटतच गेलं. १९८५ मध्ये अमेरिकेत काही निरोगी तरुणांना हवेचा दाब हळूहळू कमी होणाऱ्या खोलीत ४० दिवस ठेवलं. समोर भरपूर अन्न होतं, थंडीही नव्हती. तरी भूक मंदावली आणि वजन सरासरी ७ किलोंच्या वर घटलं. त्यातला मोठा वाटा चरबीचा नव्हता; तो मुख्यतः स्नायूंचा होता!

असं का? चरबीत ऊर्जा भरपूर असते, पण तेवढीच ऊर्जा मिळवायला साखरेपेक्षा चरबीला प्राणवायू जास्त लागतो. उंचावर नेमकी त्याचीच टंचाई.

मग तिथले प्राणी काय करतात? २०१२ मध्ये दोन अभ्यास आले. अँडीज पर्वतातले उंदीर धावताना सखल भागातल्या भाईबंदांपेक्षा साखर जास्त वापरतात, असं एकात दिसलं. दुसऱ्यात, अमेरिकेतल्या उंच पर्वतांवरचे हरिण-उंदीर थंडीत ऊब टिकवायला चरबी जोमाने जाळताना आढळले. यात विसंगती नाही. शरीरातला साखरेचा साठा लहान, धावण्यापुरता. रात्रभराच्या थंडीला चरबीचंच कोठार हवं. २०१७ मध्ये शेर्पांच्या स्नायूंची तपासणी झाली. ते चरबी कमी जाळतात आणि प्राणवायू काटकसरीने वापरतात, असं आढळलं.

ही जुळवणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तुमच्या आठ दिवसांच्या सहलीत उतरतं ते बरंचसं पाणी आणि न खाल्लेलं जेवण.

म्हणून वजन कमी करायला उंची गाठू नका. तिथे भूक नसली तरी थोडं थोडं खा. भात, पोळी, बटाटा चालेल. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असाल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. जेवण घटलं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरा.