कोळशातील गंधक

दगडी कोळशात गंधक तीन रूपांत असते : लोह व गंधक यांचे खनिज पायराइट, कोळशाच्या कार्बनी रेणूंचाच भाग असलेले सेंद्रिय गंधक आणि अल्प प्रमाणात सल्फेटे. तापवल्यावर ते केव्हा व कोणत्या वायूच्या रूपाने सुटते, हे त्याच्या रूपावर आणि हवेच्या उपलब्धतेवर ठरते.

आढळ : बीड जिल्हा बेसाल्ट खडकाचा असल्याने तेथे कोळसा नाही, मात्र जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. महाराष्ट्रातील कोळसा चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या भागांत मिळतो. हा गोंडवनी कोळसा गोड्या पाण्याच्या खोऱ्यांत तयार झाला. भारतातील अशा कोळशात राख भरपूर, पण गंधक बहुधा १ टक्क्याहून कमी असते. सागरी प्रभावाखाली बनलेल्या आसामच्या कोळशात ते अनेक पटींनी जास्त असून त्यात सेंद्रिय गंधकाचा वाटा मोठा असतो.

हवेविना तापवताना : साखळीरचनेची सेंद्रिय संयुगे साधारण ३००° ते ५००° से. दरम्यान फुटतात व हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पायराइट ४००° ते ६००° से. दरम्यान निम्मे गंधक सोडते आणि मागे आयर्न सल्फाइड उरते. त्यातील गंधक काढण्यास याहून अधिक उष्णता व हायड्रोजन लागतो. थायोफिनासारखी वलयी संयुगे सर्वांत चिवट असतात. सुटलेल्या गंधकाचा काही भाग तापलेल्या कार्बनशी किंवा राखेतील चुन्याशी पुन्हा जोडला जातो; त्यामुळे कोक भट्टीत निम्म्याहून अधिक गंधक कोकमध्येच राहते.

जळताना : भरपूर हवेत जवळजवळ सर्व गंधकाचा सल्फर डाय-ऑक्साइड होतो, तर अगदी थोड्याचा सल्फर ट्राय-ऑक्साइड होतो. ०·५ टक्के गंधकाचा १,००० टन कोळसा जळल्यास सुमारे १० टन सल्फर डाय-ऑक्साइड तयार होतो.

निर्मूलन : कोळसा धुतल्याने पायराइटचे सुटे, जड कण निघतात, सेंद्रिय गंधक तसेच राहते. तरल-स्तर भट्टीत कोळशाबरोबर चुनखडी घातल्यास ८००° ते ९००° से. तापमानाला कॅल्शियम सल्फेट बनून ते राखेत उतरते. भुकटी कोळसा जाळणाऱ्या केंद्रांत धुरावर चुनखडीची भुकटी व पाणी यांच्या मिश्रणाचा फवारा मारतात. वरील १० टन वायूसाठी सुमारे १६ टन चुनखडी लागते व २७ टन जिप्सम मिळते. ट्रॉम्बे व डहाणू येथे हेच काम समुद्राच्या अल्कधर्मी पाण्याने केले जाते. परळीसारख्या समुद्रापासून दूरच्या ठिकाणी ती सोय नाही.

नियमन : केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या धुरातील सल्फर डाय-ऑक्साइडवर प्रथमच मर्यादा घातली. ५०० मेगावॅटहून लहान जुन्या संचांसाठी ती घनमीटरला ६०० मिलिग्रॅम होती. जुलै २०२५ च्या सुधारणेने मोठी शहरे व अतिप्रदूषित क्षेत्रे यांपासून दूरच्या केंद्रांना चिमणीच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून सूट मिळाली.