थारोळ्यात पडलं की शुद्ध

आमच्या नानांचा, म्हणजे आजोबांचा, हिशेब सरळ होता: एक मोट म्हणजे एक म्हैस. जिवंतपणी दूध देते, मेल्यावर पाणी देते. विहिरीचं पाणी उपसायच्या या चामडी मोटेला माळव्यात चडस म्हणतात, पण आमच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही मोटच म्हटलं. पवार राजांच्या मागोमाग देवासला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचं एक, अगदीच मागच्या रांगेतलं. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं, दोन दरबार, आणि दोन्हींकडे आमच्यासारखे कारकुनी करून थोडी जमीन राखणारे लोक. आमची जमीन सोनकच्छच्या पलीकडे, पीपलरावांच्या वाटेला होती. त्यामुळे घरात चामड्याची कुठलीही गोष्ट निघाली की ती पीपलरावांलाच जाऊन पोचायची.

दसरा झाला की नाना मोट बैलगाडीत घालून तिकडच्या चांभारांच्या वस्तीकडे निघत. गव्हाला पाणी सुरू करायच्या आत ती सांधून घ्यायची असे. पावसाळाभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेली मोट कडक होऊन जाई, घडीवर चिरा पडत. नाना ती कातडी कशी चाचपून बघायची ते हवेत बोटं फिरवून दाखवत. तोंडाला लोखंडी कडं, कड्याला जाड नाडा, खाली निमुळती होत गेलेली सोंड आणि सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून खाली उतरू लागले की शंभर-दीडशे लिटर पाणी घेऊन मोट वर येते. वर येईपर्यंत सोंदुराने सोंड दुमडून धरलेली असते. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यावर, म्हणजे पाणी पडायच्या कुंडीवर, पसरते आणि मोट आपली आपण रिकामी होते. मोट उपडी करायला विहिरीच्या काठावर दुसरा माणूस लागत नाही. हे ज्याने पहिल्यांदा योजलं त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही.

शिवण दोऱ्याची नसे, दोरा पाण्याने कुजतो. चामड्याचीच बारीक वादी काढून तिने टाके घालायचे. वादी ओली असताना ओढून बसवायची, म्हणजे वाळताना ती टाका आणखी आवळून धरते. आरीने पाडलेलं भोक वादीपेक्षा किंचित लहानच हवं. नाना सांगत की शिवणारे म्हातारबुवा प्रत्येक टाक्यानंतर अंगठ्याने शिवण दाबून बघत आणि मान डोलावत, जसं काही टाक्याने त्यांना उत्तर दिलं. गावातली मुलं त्यांना 'बा' म्हणत. ते नानांना 'भाऊसाब' म्हणत आणि अहो-जाहो करत. नाना त्या वेळी विशीतले, ते साठीच्या पुढचे, तरी नाना त्यांना अरे-तुरेच करत. हे नानांनी आम्हाला सांगितलं ते त्यात काही वावगं आहे म्हणून नव्हे. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "मग काय म्हणायचं होतं?"

कातडं कमावणं नानांनी लांबूनच बघितलं होतं, पण नीट बघितलं होतं. जनावर मेल्यावर पहिले काही तास महत्त्वाचे, उन्हाळ्यात तर फारच. उशीर झाला की कातड्याला आतून कूज लागते आणि पुढे कितीही मेहनत केली तरी तिथे भोक पडतं. सोललेलं कातडं धुऊन चुन्याच्या खड्ड्यात जाई. आठ-दहा दिवस रोज वर-खाली करायचं. चुन्याने केसांची मुळं सैल होतात. मग लाकडी ओंडक्यावर पसरून बोथट पात्याने केस ओरबाडायचे, उलटून धारदार रापीने मांस-चरबी तासायची. इथे हात चुकला की म्हशीएवढं कातडं वाया. पुन्हा धुणं, चुना पुरता निघेपर्यंत, कारण राहिलेला चुना पुढच्या सालीच्या पाण्याशी भांडतो.

खरी करामत त्यानंतरची. काही दिवस कातडं सालीच्या फिक्या पाण्यात मुरवून मग त्याचीच पिशवी शिवायची आणि ती झाडाला किंवा तिकाटण्याला टांगायची. आत कुटलेली बाभळीची साल भरायची, वरून सालीचं लालसर पाणी ओतायचं. ते पाणी कातड्यातून झिरपत खाली मडक्यात थेंब थेंब गळे. मडकं भरलं की पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे मानेकडची बाजूही पिकते. साल म्हणजे टॅनिन, आणि टॅनिन कातड्यातल्या तंतूंना असं जखडतं की पुढे ते पाण्यात कुजत नाहीत. कच्चं कातडं कमावलेलं होतं म्हणजे एवढंच. म्हशीच्या कातड्याला महिनाभर सहज लागे. त्या महिनाभराच्या वासामुळे ती वस्ती गावाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. नाना गाडी लांब उभी करत आणि नाकाला उपरणं लावत, हे आजी हसत सांगे. नाना ते नाकारत नसत.

बाभळीच्या जोडीला तरवड आणि हिरडा लागे. हिरड्यात बाभळीपेक्षा बरंच जास्त टॅनिन. आता गंमत बघा. हाच हिरडा धार जिल्ह्यातल्या बागला कापड छापणारे खत्रीही वापरतात. ठशाचा लाल-काळा रंग कापडावर पक्का बसावा म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. झाड तेच, फळ तेच, रसायनही तेच. कापड लग्नाच्या रुखवतात मांडलं गेलं आणि कातडं कमावणारा वेशीबाहेर राहिला.

गावाचं चामड्यावाचून काही चालत होतं का? लोहाराचा भाता बकरीच्या कातड्याचा. बैलाचं जोतं, चाबकाची वादी, गळ्यातला घुंगरांचा पट्टा. तेल-तुपाचे बुधले. मातीच्या साच्यावर ओलं कातडं चढवून वाळवायचं आणि मग आतली माती फोडून काढायची, की झाला बुधला. तो गाडीतून पडला तरी फुटत नसे, म्हणून लांबच्या व्यापाराला मातीच्या मडक्यापेक्षा तोच बरा. पखालीतून पाणी येई. दरबारात ढाल, म्यान, खोगीर, नगाऱ्याची कातडी. सूतकताईच्या चरख्यात चाती फिरते तीसुद्धा चामड्याच्या चमरखांत. खादीचं शुद्ध सूतही कातड्याला घासूनच निघालेलं.

आणि देवासमध्ये राहून तबला कसा विसरायचा? रजब अली खाँसाहेबांचं हे गाव. १९४८ साली आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी इथे आले आणि १९९२मध्ये जाईपर्यंत इथलेच राहिले. टेकडीखालच्या त्यांच्या घरात जो तबला वाजे त्याची पुडी बकरीच्या कातड्याची, तिला ताणून धरणारी वादी मोठ्या जनावराच्या कातड्याची. तबला गादीवर ठेवतात, पाय लागला तर नमस्कार करतात.

आजीला मी एकदा कोंडीत पकडायला गेलो. सोवळ्यात असताना चामड्याच्या पट्ट्याला हात लागला तर ती आंघोळ करी. मग मोटेचं पाणी कसं चालतं? आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थारोळ्यात पडलं की ते पाणी शुद्ध." आणि बुधल्यातलं तूप? "तुपाला विटाळ नाही." आणि देवळातला नगारा? त्यावर तिने मला विहिरीवर पिटाळलं. पण तिचं चुकत नव्हतं, ती आपल्या मनाने काहीच सांगत नव्हती. गावाने आपल्या गरजेपुरत्या सगळ्या वाटा शास्त्रात आधीच ठेवून दिल्या होत्या. पाणी, तूप, युद्ध, संगीत, ऋषींच्या बुडाखालचं मृगाजिन, सगळ्याला सूट होती. एका माणसाला तेवढी नव्हती.

आणि तो माणूस बिनतक्रार राबत होता हेही खरं नाही. डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या १९३६च्या भाषणात आमच्या शेजारचाच दाखला दिला आहे, जानेवारी १९२८च्या वृत्तपत्रातला. इंदूरजवळच्या कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना नियम घालून दिले: जरीकाठाची पगडी नको, रंगीत काठाचं धोतर नको, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, आमच्या मयताचा सांगावा तुम्ही पोचवायचा, लग्नात वाजवायचं, आणि मोबदला मागायचा नाही. बलाई हे विणकर आणि गावकामगार, चामड्याचा धंदा त्यांचा नव्हे. पण बिनमोबदल्याची गावकी दोघांच्याही वाट्याला होती. ज्यांनी नियम मानले नाहीत त्यांच्या विहिरी बंद झाल्या, गुरांना चराई बंद झाली, आणि शेकडो माणसं बायकामुलांसह पिढ्यांची घरं सोडून धार, देवास, बागली, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेली. नाना तेव्हा लहान होते. इंदूरकडून भांडीकुंडी डोक्यावर घेऊन आलेली माणसं रस्त्याच्या कडेला उतरलेली त्यांना आठवत होती. ती कोण, कशाला आली, हे त्यांना घरात कुणी सांगितलं नव्हतं. भाषण मी वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे ते होय."

सोडवणुकीचे प्रयत्न वेगवेगळ्या बाजूंनी झाले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हलकी मानलेली कामं सोडा, असं सांगितलं. गांधीजींच्या बाजूने उलटा विचार झाला, काम सोडू नका, त्याला प्रतिष्ठा द्या. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं चर्मालय चालवलं. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धन या ब्राह्मण माणसाने स्वतः मेलेली गुरं सोलली. अप्पासाहेबांपुढे हात जोडावेत असंच ते काम आहे. पण मला बाबासाहेबांचं पटतं. अप्पासाहेबांनी सुरी खाली ठेवली असती तरी ते अप्पासाहेबच राहिले असते. पीपलरावांच्या बांना तेवढी मोकळीक नव्हती.

पुढे यंत्रानेच निकाल लावला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम लावून कातडं कमावायचे प्रयोग सुरू केले, आणि त्यांच्या मनात बूट नव्हते, विहिरीवरची मोट होती. क्रोमचं कातडं पाण्यात जास्त टिकेल असा हिशेब. सालीला जिथे महिना लागे तिथे क्रोमला फिरत्या पिंपात एक-दोन दिवस पुरतात. १९७२च्या सीतारामय्या समितीने कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्याऐवजी तयार मालाची निर्यात करा असं सुचवलं. त्याच दशकात टाटा एक्स्पोर्ट्सचा चामड्याचा कारखाना देवासला आला. कातड्याला आता पगार, हजेरी, कँटीन आलं, आणि निळसर ओल्या कातड्यांच्या चळतींपुढे सगळ्या जातींची पोरं उभी राहिली. आमच्याच आळीतले दोघे तिथे लागले. आजी त्यांना घरात घेई. कारखान्यातली नोकरी म्हणजे विटाळ नव्हे, हेही कुठल्या तरी शास्त्रात सापडलं असणार.

तोवर शेतावर विजेचा पंप बसला होता. मोट कुणी मोडीत काढली नाही, ती नुसती आढ्याला टांगलेली राहिली आणि एका पावसाळ्यानंतर उंदरांनी संपवली. मोटेबरोबर गावाला त्या वस्तीकडे जायचं दरवर्षीचं कारणही संपलं. प्लॅस्टिकचे डबे आले, रबरी चपला आल्या. मेलेली गुरं उचलायला नकार देणं आता सोपं झालं, कारण बदल्यात अडवण्यासारखं गावाच्या हातात फार काही उरलं नव्हतं.

नाना गेल्यावर त्यांच्या वडिलांच्या चोपड्या माझ्याकडे आल्या. मोडीतल्या, म्हणून एका जाणकाराकडून वाचून घेतल्या. शेतीचा जमाखर्च अगदी बारीक लिहिला आहे. बैलांची नावं आहेत, हिरा आणि माणक्या. माणक्या आजारी पडला तेव्हाच्या औषधाचा खर्च आहे. आणि दरवर्षी दसऱ्यानंतर एक ओळ: मोट सांधली, चांभारास जोंधळे इतक्या पायल्या. एवढ्या वर्षांत त्या माणसाचं नाव एकदाही नाही. बैलांची नावं लिहिणारा हात माझ्या पणजोबांचा, आणि ते वाईट माणूस नव्हते.

माळवा असो, वऱ्हाड असो की देश, अशा चोपड्या अजून पुष्कळ घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. रद्दीत घालण्याआधी त्या वाचून घ्या. आणि ज्या घरांत हे काम चालत होतं तिथली म्हातारी माणसं अजून आहेत. कोणत्या गावची मोट कोणी शिवली, नगाऱ्यावर कातडं कोणी चढवलं, हे त्यांना विचारा, आणि नावानिशी लिहून ठेवा.