अंगणातील साप : न मारता दूर कसे ठेवावेत?

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले, की साप कोरडी जागा शोधत अंगणापर्यंत येतात. तेथे ते रेंगाळतात, ते मात्र उंदीर, बेडूक आणि लपण्याच्या जागांमुळे. म्हणून विटांचे ढीग, लाकूडफाटा, जुन्या कुंड्या व पालापाचोळा हलवावा आणि खरकटे उघड्यावर टाकू नये. सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी बारीक धातूची जाळी बसवावी. दाराखालची फट बुजवावी, कारण पिल्लांना अगदी अरुंद फटही पुरते.

कार्बोलिक अॅसिड शिंपडण्याची प्रथा अजूनही टिकून आहे. त्याने साप अडतो, हा गैरसमजच होय. उलट ते अंगावर पडल्यास साप भाजतो. मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या त्वचेलाही इजा होते. डांबरगोळ्या, लसूण यांचाही भरवसा नाही. नायलॉनची जाळी तर लावूच नये. तीत अडकलेली धामण तडफडून मरते आणि उंदरांचा बिनविषारी शत्रूच नाहीसा होतो.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील प्रमुख विषारी साप. पैकी मण्यार हा निशाचर असून जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होतो व तो अनेकदा जाणवतही नाही. खाली खोचलेली मच्छरदाणी येथे उपयोगी पडते. साप दिसल्यास काठी उचलू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण यांना संरक्षण दिले आहे. दुरून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.