१४० ठोक्यांची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी, मला सातवा महिना असताना, पिलाटेसच्या वर्गात प्रशिक्षिकेने माझ्या मनगटावरील घड्याळाकडे पाहिले आणि व्यायाम तिथेच थांबवला. "मॅडम, एकशे बेचाळीस ठोके झाले. गरोदरपणात एकशे चाळीसच्या वर जायचं नाही." मला धाप लागली नव्हती; मी तिच्याशी सहज बोलत होते. पण असा ठाम आकडा कानी आला की पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो: हा मोजला कोणी आणि कोणावर? त्याचा माग काढताना हाती आलेला इतिहास येथे मांडते.

आरंभ पिलाटेसपासूनच करू. जोसेफ पिलाटेस हा १८८३ साली जर्मनीत जन्मलेला व्यायामशिक्षक. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ब्रिटिशांनी त्याला आयल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थिरावून त्याने जी पद्धत नावारूपाला आणली, तिला तो स्वतः 'कंट्रोलॉजी' म्हणत असे. तिच्यातील अनेक मूळ प्रकार पाठीवर झोपून, पोटाचे स्नायू आवळून करायचे असतात. ते गर्भवतीसाठी रचलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पाठीवर झोपण्यातली अडचण १९५३ साली हॉवर्ड, गुडसन आणि मेन्गर्ट या अमेरिकी डॉक्टरांनी स्पष्टपणे मांडली. गर्भारपणाच्या उत्तरार्धात उताणे झोपल्यावर काही स्त्रियांचा रक्तदाब एकाएकी उतरतो आणि कुशीवर वळताच तो सावरतो. यामागचे कारण साध्या यांत्रिकीचे आहे. शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी महाशीर कमी दाबाची, पातळ भिंतीची नळी असते. वाढलेल्या गर्भाशयाचा भार तिच्यावर पडला की ती दबते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि घेरी येते. म्हणून उशांच्या आधाराने शरीर तिरके ठेवणे किंवा कुशीवर व्यायाम करणे हा निव्वळ रिवाज नव्हे. त्यामागे मोजलेले कारण आहे.

१४० या आकड्यामागे मात्र असा भक्कम पाया नव्हता. १९८५ साली अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने गर्भवतींच्या व्यायामासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या आत ठेवा, जोराचा व्यायाम १५ मिनिटांहून अधिक करू नका, शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका, चौथ्या महिन्यानंतर उताणे झोपून व्यायाम करू नका, अशी ती होती. पुरावा तुटपुंजा होता, म्हणून सावध रेषा आखली गेली. सावधगिरीत गैर काही नाही. पण रेषा एकदा आखली की ती निसर्गनियमासारखी भासू लागते.

गर्भारपणात रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि विश्रांतीतले ठोकेही मिनिटाला १० ते २० ने वाढलेले असतात. त्यामुळे एकच आकडा एकीला दमवणारा, तर दुसरीला सहज पेलणारा ठरतो. जेम्स क्लॅप यांच्यासारख्या संशोधकांनी नियमित धावणाऱ्या गर्भवतींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेव्हा भीती वाटली होती तसे अपाय निरोगी स्त्रियांत आढळले नाहीत. १९९४ साली त्याच महाविद्यालयाने ठोक्यांची मर्यादा काढून टाकली. २०१५ च्या शिफारशींत बदल करून केलेले पिलाटेस सुरक्षित व्यायामांच्या यादीत आले. आज आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला जातो आणि कसोटीही साधी असते: व्यायाम करताना बोलता आले पाहिजे.

आपल्या देशातला इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात पडद्यातील स्त्रियांच्या मऊ पडलेल्या हाडांचा आणि अवघड बाळंतपणांचा संबंध सूर्यप्रकाशाच्या अभावाशी जोडला. नावांवर राहणाऱ्या कष्टकरी स्त्रिया त्यांना तुलनेने सुखरूप दिसल्या होत्या. त्याच सुमारास मुंबईत प्रश्न उलटा होता. तेथे श्रम कमी करायचे होते. १९२८ साली प्रांतिक विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला.

हे दोन प्रश्न आजही शेजारी नांदतात. पुण्याजवळच्या सहा गावांतील ७९७ गर्भवतींच्या अभ्यासात (२००३) ज्यांचे शारीरिक श्रम अधिक, त्यांची बाळे सरासरीने लहान आढळली. बंगळुरूच्या ३३५ स्त्रियांच्या अभ्यासात (२००५) योगाभ्यास करणाऱ्या गटात अडीच किलो वा अधिक वजनाच्या बाळांचे प्रमाण जास्त होते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. अपुऱ्या अन्नावर दिवसभर शेतात राबणे आणि पोटभर जेवून तासभर मापात व्यायाम करणे, यांना 'हालचाल' या एका शब्दात कोंबता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या, आणि तीव्र रक्तक्षयात तर व्यायामाआधी उपचार हवेत.

म्हणून वर्गात नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वार खाली असणे, गर्भाशयमुखाचा टाका, गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब यांत परवानगीशिवाय काहीच करू नये. उताणे फार वेळ राहू नये, श्वास कोंडून जोर लावू नये, तोल जाईल असे प्रकार टाळावेत. रक्तस्राव, पाणी जाणे, चक्कर, छातीत वा पोटरीत दुखणे, नियमित कळा यांपैकी काही जाणवले तर तत्क्षणी थांबावे आणि दवाखाना गाठावा.

त्या प्रशिक्षिकेला मी दोष देत नाही. तिला शिकवलेला नियम ती प्रामाणिकपणे पाळत होती. तो तीसएक वर्षांपूर्वीच मागे घेतला गेला, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. नियम झाला की बातमी होते, तो मागे घेतला की होत नाही. विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या आपण सर्वांनी ही दुसरी बातमीही पुढे पोचवायला हवी. पुढच्या आठवड्यात मी तिला सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि त्या दिवसापासून व्यायाम चालू असताना ती मला मध्येच विचारू लागली, "बोलता येतंय ना?"